वाचकांचे प्रश्न : दिव्यांग विद्यार्थी, महाविद्यालय आणि ऑनलाईन शिक्षणाचा पर्याय

बारावीचे निकाल लागले, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत दिव्यांग विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या पालकांच्या पत्रांची संख्या वाढते. पूर्वी त्यांत वसतिगृह, एस.टी.चा पास, लेखनिक यांविषयीचे प्रश्न असत. 2020 च्या टाळेबंदीनंतर मात्र जवळजवळ प्रत्येक पत्रात ऑनलाईन शिक्षणाचा उल्लेख येतो. या अंकासाठी सहा पत्रे निवडली आहेत. नावे गाळली असून मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : माझ्या मुलाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे आणि तो व्हीलचेअर वापरतो. यंदा तो वाणिज्य शाखेतून बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. तालुक्याच्या महाविद्यालयात प्रवेशासाठी गेलो, तेव्हा तेथील सरांनी अगदी आपुलकीने सांगितले, की बी.कॉम.चे वर्ग पहिल्या मजल्यावर भरतात आणि लिफ्ट नाही. “त्याला कशाला एवढी दगदग? घरी बसून ऑनलाईन पदवी करू द्या,” असे ते म्हणाले. त्याच्या वडिलांना ते पटले आहे. मुलगा मात्र त्या दिवसापासून गप्प आहे. ऑनलाईन पदवीला नोकरीत किंमत असते का? आणि आम्ही त्याच्या भल्याचेच करतो आहोत ना?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. ऑनलाईन पदवी चांगली की नाही, हा एक. आणि महाविद्यालयाचा जिना चढता येत नाही म्हणून ऑनलाईनकडे वळावे का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर आधी देते, कारण त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. जिन्यामुळे वळू नये.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून देशभर लागू आहे. त्याच्या कलम 32 प्रमाणे शासकीय आणि शासनाचे अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांना 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखून ठेवाव्या लागतात. याच कायद्याने भेदभावाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच मानला आहे. वाजवी सोय म्हणजे संस्थेवर अवाजवी भार न टाकता करता येण्याजोगा आवश्यक बदल. लिफ्टला पैसे लागतात, वेळ लागतो, हे एक वेळ समजू शकते. परंतु बी.कॉम. प्रथम वर्षाचा वर्ग तळमजल्यावर आणायला वेळापत्रकातील एका रकान्यात खोडाखोड करण्यापलीकडे काय लागते?

हे मी अनुभवाने लिहिते आहे. मी ज्या महाविद्यालयात शिकवत होते, तेथे व्हीलचेअरवरचा एक विद्यार्थी दोन मित्रांच्या आधाराने, खुर्चीसकट उचलला जाऊन, रोज दुसऱ्या मजल्यावर येत असे. आम्हा सर्वांना त्या मित्रांचे फार कौतुक वाटे. पुढे एकदा तो सहज बोलता बोलता म्हणाला, “मॅडम, मी सकाळी घरून निघताना पाणी पीत नाही. दुपारी घरी गेल्यावरच पितो.” त्याची खुर्ची आत जाईल असे एकही स्वच्छतागृह आमच्या इमारतीत नव्हते, आणि दीड वर्षात आमच्यापैकी एकाच्याही ते ध्यानात आले नव्हते. त्यानंतर त्याचा वर्ग तळमजल्यावरील खोलीत हलवला आणि कर्मचाऱ्यांच्या स्वच्छतागृहाचे दार रुंद करून घेतले. दोन्ही कामे मिळून पंधरा दिवसांत झाली. म्हणून आपल्या महाविद्यालयाकडे अर्ज करताना वर्ग, स्वच्छतागृह, ग्रंथालय आणि परीक्षेची खोली या चारही जागांचा उल्लेख करावा, अर्ज लेखीच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. समान संधी कक्ष असल्यास एक प्रत तेथे द्यावी. लेखी उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर या कायद्यानुसार नेमलेल्या राज्य आयुक्तांकडे दाद मागता येते; त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. सरांची आपुलकी खरी असेल, यात मला शंका नाही; पण आपुलकीने दिलेल्या नकारालासुद्धा नकारच म्हणावे लागते.

आता पहिला प्रश्न. विद्यापीठ अनुदान आयोगाने मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाईन अभ्यासक्रमांसाठी 4 सप्टेंबर 2020 रोजी जे विनियम अधिसूचित केले, त्यांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाईन वा दूरस्थ पदवी ही नियमित वर्गात बसून घेतलेल्या त्याच स्तरावरील पदवीशी समकक्ष आहे. ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द येथे फार महत्त्वाचा आहे. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर कोणत्या संस्थेच्या कोणत्या अभ्यासक्रमाला कोणत्या सत्रासाठी मान्यता आहे, याची यादी असते. जाहिरात, माहितीपत्रक, ओळखीच्या एजंटाचा शब्द यांपैकी कशावरही विसंबू नये, यादीच पाहावी. 2024 पासून प्रवेशार्थीला स्वतःचा डीईबी आयडी, म्हणजे याच मंडळाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो आणि त्यासाठी मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) साठवणारे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते असावे लागते. हा आयडी मुलाने स्वतः काढावा, दुसऱ्याच्या मोबाईल क्रमांकावर काढू देऊ नये.

दूरस्थ आणि ऑनलाईन यांतला फरकही ध्यानात घ्यावा. दूरस्थ अभ्यासक्रमात छापील स्वयंअध्ययन पुस्तके, अभ्यासकेंद्र आणि ठरावीक संपर्कसत्रे असतात. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून हे काम मराठीतून करत आहे. ऑनलाईन अभ्यासक्रमात ध्वनिचित्रफिती, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वयंचाचणी हे सारे इंटरनेटवरून चालते. अभ्यासकेंद्र किंवा परीक्षाकेंद्र गाठावे लागणार असेल, तर तेथेही रॅम्प आहे का, हे प्रवेशापूर्वीच पाहून यावे. घरबसल्या शिकायचे म्हणून प्रवेश घेतला आणि परीक्षाकेंद्र नेमके दुसऱ्या मजल्यावर निघाले, अशी पत्रे मला दर उन्हाळ्यात येतात.

मधलाही एक मार्ग आहे. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक एका सत्रातील एकूण अभ्यासक्रमांच्या 40 टक्क्यांपर्यंत नियमित पदवीत धरता येतात; 2021 च्या विनियमांनी ही मर्यादा 20 वरून 40 टक्के केली. आपल्या विद्यापीठाने तशी तरतूद केली असेल, तर मुलाला आठवड्यातून तीन दिवस महाविद्यालयात जाऊन उरलेले विषय घरून करता येतील. या आजारात स्नायूंची शक्ती हळूहळू कमी होत जाते. आज झेपणारा प्रवास तिसऱ्या वर्षी झेपेलच असे नाही. तेव्हा पुढेमागे तो स्वतःच म्हणाला, की प्रवासातच सारी ताकद संपते आणि अभ्यासाला उरत नाही, तर पूर्ण ऑनलाईन पदवी हा उत्तम पर्याय ठरेल. मी त्याच्या विरोधात मुळीच नाही. मात्र तो निर्णय त्याने घ्यायचा आहे. आपल्या पत्रात सरांचे मत आहे, वडिलांचे आहे, आपले आहे. त्याचे मात्र कोठेच नाही. आज संध्याकाळी त्याला विचारा.

प्रश्न : मी पूर्ण दृष्टिहीन असून दूरस्थ पद्धतीने इतिहासात एम.ए. करते. संस्थेने सर्व पुस्तके पीडीएफ स्वरूपात दिली, तेव्हा खूप आनंद झाला होता. परंतु अर्ध्याहून अधिक फाईली माझा मोबाईल वाचतच नाही, आणि काही फाईलींतून भलतीच अक्षरे ऐकू येतात. थेट तासांना सर ‘हे बघा, इथे लक्ष द्या’ असे म्हणतात आणि मी नुसती बसून राहते. चूक माझ्या मोबाईलची आहे का? संस्थेला सांगावे, तर त्यांना राग येईल अशी भीती वाटते.
— एक विद्यार्थिनी, नांदेड जिल्हा

उत्तर : चूक तुझ्या मोबाईलची नाही आणि तुझी तर नाहीच. काय बिघडले आहे ते सविस्तर सांगते, म्हणजे संस्थेला नेमके काय मागायचे ते तुला कळेल.

न वाचल्या जाणाऱ्या फाईली बहुधा पुस्तकाच्या पानांचे फोटो आहेत. पान झेरॉक्ससारखे स्कॅन केले आणि पीडीएफ केले, की डोळसाला ते पान दिसते, परंतु संगणकाच्या दृष्टीने त्यात एकही अक्षर नसते. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली, तेथे गप्प राहतो. भलतीच अक्षरे ऐकू येतात त्या फाईली जुन्या फॉण्टमधल्या असाव्यात. मराठी छपाईत श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे फॉण्ट कित्येक वर्षे वापरात आहेत. त्यांच्या जुन्या पद्धतीत देवनागरीची केवळ आकृती उमटते, आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे. मी एकदा अशाच एका पाठावर स्क्रीन रीडर लावून ऐकले. ‘प्रकरण पहिले’ असे मला दिसत होते आणि कानावर ‘पी, आर, डॉलर, कंस सुरू, टक्के’ अशा धाटणीचे काही पडत होते. पाच मिनिटांत माझे डोके दुखू लागले. तू एका वर्षाची पुस्तके अशी ऐकण्याचा प्रयत्न केलास, हे वाचून मला फार वाईट वाटले.

यावरचा उपाय अवघड नाही. तोच मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षर देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, हवा. ज्या संस्थेने पुस्तक टंकलिखित केले, तिच्याकडे मूळ फाईल असतेच, आणि जुना फॉण्ट युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने सहज मिळतात. बदल केल्यावर एकदा मुद्रितशोधन मात्र करावे लागते. स्कॅन केलेल्या पानांसाठी ओसीआर, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारे साधन, वापरता येते. मराठीचे ओसीआर अलीकडे बरेच सुधारले आहे, जोडाक्षरांत आणि तळटिपांत ते अजूनही अडखळते. संस्थेने ‘स्वामित्वहक्काचा प्रश्न येईल’ असे उत्तर दिले, तर त्यांना सांग, की स्वामित्वहक्क कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तींसाठी पुस्तकाचे वाचनसुलभ स्वरूप तयार करण्यास मुभा दिली आहे. याच विषयावरील माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला, 24 जून 2014 रोजी.

संदर्भग्रंथांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाईन ग्रंथालयात नाव नोंदव. ते 24 ऑगस्ट 2016 रोजी सुरू झाले आणि त्यात मराठी पुस्तकेही आहेत. घरी संगणक मिळाला, तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो व मराठी वाचतो. दीर्घ अभ्यासासाठी तो मोबाईलवरील टॉकबॅक या स्क्रीन रीडरपेक्षा पुष्कळ सोयीचा आहे, कारण परिच्छेदानुसार, मथळ्यानुसार पुढेमागे जाता येते आणि हवी ती ओळ अक्षर अक्षर करून तपासता येते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र 2003 पासून काम करते, त्यांच्याकडूनही मार्गदर्शन घेता येईल.

थेट तासांविषयी. शिक्षक जेव्हा स्वतःचा स्क्रीन सर्वांना दाखवतात, तेव्हा विद्यार्थ्याकडे पोहोचते ते त्या स्क्रीनचे चित्र. स्लाईडवर युनिकोडमध्ये लिहिलेले असले, तरी तुझा स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही. म्हणून सादरीकरणाची मूळ फाईल तासाच्या आदल्या दिवशी मिळावी, एवढी मागणी कर. इतिहासात नकाशे आणि वंशावळी येतात. त्यांचे शब्दांत वर्णन मागण्याचा तुला पूर्ण हक्क आहे.

परीक्षेचाही आत्ताच विचार कर. लेखनिक आणि तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळ, ही तरतूद केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. परीक्षा संगणकावर असेल, तर ते पान स्क्रीन रीडरने वाचता येते का आणि जादा वेळ प्रणालीत आधीच भरलेला आहे का, हे सराव चाचणीतच पाहा. घड्याळ संपले आणि पान आपोआप बंद झाले, की पर्यवेक्षकही काही करू शकत नाही.

राहिली रागाची भीती. सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी एका निकालात डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा राज्यघटनेच्या कलम 21 मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. ते प्रकरण बँका आणि इतर सेवांसाठी लागणाऱ्या ऑनलाईन ओळख पडताळणीचे होते आणि अर्जदारांत ॲसिड हल्ल्यात चेहरा व डोळे गमावलेल्या व्यक्ती आणि एक दृष्टिहीन व्यक्ती होती. तुझी फाईल उघडत नाही, हे गाऱ्हाणे त्याच जातीचे आहे. नम्रपणे लिही, प्रत्येक फाईलीचे नाव देऊन लिही, काय ऐकू येते तेही लिही. त्यात रागावण्यासारखे काही नाही.

आणि या वर्षी प्रवेश घेणाऱ्या इतर दृष्टिबाधित वाचकांना एक विनंती. शुल्क भरण्यापूर्वी संस्थेकडून एक पाठ, एक ध्वनिचित्रफीत आणि सराव परीक्षेचा दुवा मागून घ्या आणि आपल्याच मोबाईलवर, आपल्याच स्क्रीन रीडरने, कोणाची मदत न घेता तपासा. लॉगिनच्या पानावर चित्रातील अक्षरे ओळखायला सांगितली आणि ध्वनीचा पर्याय नसला, तर पुढचे सारे कसे असेल याचा अंदाज तेथेच येतो.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ जन्मतः कर्णबधिर आहे. दहावीपर्यंत तो विशेष शाळेत होता, बारावी नेहमीच्या महाविद्यालयातून केली. तेथे त्याला वर्गातले काही कळत नसे, म्हणून आता ऑनलाईन बी.ए. करावे असे आम्हाला वाटते. व्हिडिओ असल्यामुळे त्याला सोपे जाईल ना?
— एक भाऊ, कोल्हापूर

उत्तर : सोपे जाईल की नाही, हे व्हिडिओ कसा आहे यावर ठरेल. आपला भाऊ सांकेतिक भाषेतून अधिक समजून घेतो, ओठ वाचतो की वाचून शिकतो, हे मला पत्रावरून कळलेले नाही, आणि सारे त्यावरच अवलंबून आहे. ओठ वाचणाऱ्या विद्यार्थ्याला थेट ऑनलाईन तास पुष्कळदा वर्गाहून कठीण जातो. शिक्षकांचा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढा असतो, मागे खिडकी असली तर तोंडावर अंधार असतो, नेट मंदावले की ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. निम्मे शिक्षक स्लाईड सुरू झाली की कॅमेराच बंद करतात.

ध्वनिमुद्रित तास मात्र खरोखर उपयोगी पडतात, कारण ते थांबवता येतात, मागे नेता येतात, भावंडांबरोबर बसून समजून घेता येतात. तेव्हा अभ्यासक्रम निवडताना ध्वनिमुद्रण मिळते का आणि त्याला उपशीर्षके आहेत का, हे आधी विचारा. आपोआप तयार होणाऱ्या मराठी उपशीर्षकांवर पूर्ण भिस्त ठेवू नका. संज्ञा आणि विशेषनामे त्यांत हमखास चुकतात, आणि परीक्षेत तर तेच विचारले जाते. ‘लाईव्ह ट्रान्सक्राईब’सारखे मोबाईल ॲप समोरच्याचे मराठी बोलणे अक्षरांत दाखवते, तेही शांत खोलीतच नीट चालते. माणसाने तपासलेली उपशीर्षके किंवा पाठाचा लिखित मजकूर मागावा. 2016 च्या कायद्याच्या कलम 42 मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी उपशीर्षके आणि सांकेतिक भाषेतील अनुवाद यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

सांकेतिक भाषेचे काम देशात उशिरा सुरू झाले. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र 2015 साली दिल्लीत स्थापन झाले आणि त्याचा शब्दकोश 2021 मध्ये दहा हजार शब्दांपर्यंत पोहोचला. तरी महाविद्यालयीन विषयांच्या कितीतरी संज्ञांना अजून खूण ठरलेली नाही आणि दुभाषे थोडे आहेत. म्हणून विषय निवडताना भावाच्या लेखी मराठीचा विचार करा. जन्मतः कर्णबधिर असलेल्या पुष्कळ मुलांना विभक्तिप्रत्यय आणि लांब वाक्ये जड जातात, कारण त्यांच्या कानावर ती कधी पडलेली नसतात. त्यात बुद्धीचा काही संबंध नाही. बी.ए.ची पाठ्यपुस्तके लांब वाक्यांनी भरलेली असतात. आधी एक पाठ त्याला वाचायला द्या आणि त्याला काय कळले ते त्याच्या पद्धतीने सांगू द्या. मुंबईत वांद्र्याला वाचा व श्रवण दिव्यांगत्वासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तेथे पुढील शिक्षणाविषयी सल्ला मिळू शकतो.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. विशेष शाळेत आपल्या भावाला खुणांनी बोलणारे मित्र होते. बारावीत ते सुटले. ऑनलाईन पदवीची तीन-चार वर्षे तो घरात, बहुधा खुणा न येणाऱ्या माणसांत काढणार आहे. शहरातील कर्णबधिरांच्या मंडळाशी त्याची गाठ घालून द्या आणि घरातल्या सर्वांनी, आपणही, सांकेतिक भाषा शिका.

प्रश्न : मला सिकलसेल आहे. दर दोन-तीन महिन्यांनी असह्य वेदना होऊन रुग्णालयात राहावे लागते. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी 75 टक्के हजेरी भरली नाही. माझ्या प्रमाणपत्रावर 40 टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व लिहिले आहे, त्यामुळे सवलत मिळणार नाही असे कार्यालयातून सांगितले. नियमित शिक्षण सोडून ऑनलाईन करावे का?
— एक विद्यार्थी, गडचिरोली जिल्हा

उत्तर : सोडण्याची घाई करू नये. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा 2016 च्या कायद्यातील 21 दिव्यांगत्वांत समावेश आहे. राखीव जागेसाठी 40 टक्क्यांची अट आहे, हे खरे. परंतु वाजवी सोय मिळण्यासाठी ती अट लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात हे निःसंदिग्धपणे सांगितले. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला, तो 40 टक्क्यांच्या व्याख्येत बसत नाही म्हणून, लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने तो देण्यास सांगितले. आपल्या अर्जात या निकालाचा उल्लेख अवश्य करा.

बी.एस्सी.चे प्रात्यक्षिक घरून होत नाही, म्हणून पूर्ण ऑनलाईनपेक्षा आपल्याच महाविद्यालयाकडे ठरावीक सोय मागावी, असा माझा सल्ला आहे. रुग्णालयातील दिवसांचे व्याख्यान ध्वनिमुद्रित स्वरूपात मिळावे, राहिलेली प्रात्यक्षिके सत्राच्या शेवटी दुसऱ्या तुकडीबरोबर करू द्यावीत आणि रुग्णालयाच्या कागदांच्या आधारे हजेरीत सूट द्यावी, असा अर्ज वर्षाच्या प्रारंभीच, प्रकृती बरी असताना द्या. हजेरी कमी पडल्यानंतर दिलेल्या अर्जाकडे कार्यालय सबब म्हणून पाहते. आपल्या भागात नेटची अडचण असते. तेव्हा थेट प्रक्षेपणाऐवजी मोबाईलवर उतरवून घेता येईल अशी ध्वनिफीत मागा. ती थोड्या डेटात येते आणि खाटेवर पडूनही ऐकता येते.

प्रश्न : अपघातात मणक्याला इजा झाल्यामुळे मी अंथरुणाला खिळून आहे. वय 34. ऑनलाईन एलएल.बी. करता येईल का?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : नाही. कायदा, अभियांत्रिकी, वैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, वास्तुशास्त्र, भौतिकोपचार हे अभ्यासक्रम ऑनलाईन किंवा दूरस्थ पद्धतीने देण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची मनाई आहे. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित इतर विषयही त्या यादीत गेले आहेत. कोणी ‘घरबसल्या वकील व्हा’ म्हणून पैसे मागत असेल, तर देऊ नका. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, वाणिज्य, भाषा, ग्रंथालयशास्त्र, संगणक उपयोजन हे मार्ग खुले आहेत आणि मुक्त विद्यापीठात वयाची अडचण येत नाही. राज्यशास्त्राची पदवी आता करून ठेवलीत, तर पुढे बसता येऊ लागल्यावर तीन वर्षांच्या एलएल.बी.ला तीच पदवी उपयोगी पडेल.

प्रश्न : मी वरिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. माझ्या ऑनलाईन तासाला एक दृष्टिहीन आणि दोन अल्पश्रवण विद्यार्थी असतात. महाविद्यालयाकडे निधी नाही. मी माझ्यापुरते काय करू शकतो?
— एक प्राध्यापक, जळगाव

उत्तर : सर, आपले पत्र वाचून फार समाधान वाटले. आपल्याला पैसे लागणार नाहीत. दर तासाला पंधरा-वीस मिनिटांची जादा तयारी लागेल.

टिपणे युनिकोडमध्ये टंकलिखित करून आदल्या दिवशी गटावर टाका, फोटो काढून नव्हे. मथळ्यांना वर्ड प्रोसेसरमधील मथळ्याची शैली द्या, नुसते ठळक करू नका. त्यामुळे स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला थेट हव्या त्या प्रकरणावर जाता येते. कॅमेरा सुरू ठेवा, उजेड चेहऱ्यावर येईल असे बसा आणि विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न उत्तरापूर्वी स्वतः एकदा उच्चारा. तास ध्वनिमुद्रित करा.

सर्वांत मोठा बदल बोलण्यात करावा लागेल. आपण मागणीचा वक्र काढता आणि म्हणता, “हा असा खाली येतो, आणि इथे हे दोघे छेदतात.” डोळसांना ते पुरते. त्याऐवजी म्हणून पाहा : “आडव्या अक्षावर नगसंख्या आहे, उभ्या अक्षावर किंमत. मागणीचा वक्र डावीकडे वरून सुरू होऊन उजवीकडे खाली उतरतो, पुरवठ्याचा डावीकडे खालून उजवीकडे वर चढतो. किंमत 20 रुपये असताना दोन्ही वक्र 60 नगांवर एकमेकांना छेदतात.” ही वाक्ये म्हणायला अर्धे मिनिट लागते. मी असे शिकवू लागल्यावर पहिल्याच महिन्यात वर्गातील डोळस मुले येऊन सांगू लागली, की आलेख आता वहीत न बघता काढता येतो.

पहिल्या आठवड्यात त्या तिघांशी स्वतंत्रपणे, फोनवर किंवा संदेशाने बोला आणि कोणाला साहित्य कोणत्या स्वरूपात हवे, ते विचारून घ्या. दोन्ही अल्पश्रवण विद्यार्थ्यांची गरज एकसारखी असेल असे धरून चालू नका. एकाला मोठा आवाज पुरेल, दुसऱ्याला लिखित मजकूरच लागेल. सत्राच्या मध्यावर पुन्हा एकदा विचारा, कारण पहिल्या आठवड्यात मुले संकोचाने ‘चालेल सर’ म्हणतात.